मंगळवेढ्यात एक वर्ष काढलं, पण पाऊस नक्की कधी असतो इकडे?

चिपळूणची_लेक | ८ जून २०२५

आज मृग निघालं म्हणून हा धागा.

मागच्या जूनमध्ये बदली होऊन मंगळवेढ्याला आले (बँकेत आहे, कुठल्या ते विचारू नका). खोक्यांतून पहिल्यांदा काय काढलं असेल तर दोन छत्र्या, रेनकोट आणि घरात कपडे वाळवायची नायलॉनची दोरी. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "दोरी भाईर बांधा वैनी, वारं लई हाय." छत्र्यांबद्दल काही बोलल्या नाहीत, हसल्या फक्त.

जूनमध्ये चांगले पाऊस झाले. रात्री कडाडून यायचा, सकाळी लख्ख ऊन. मला वाटलं, चला, सुरू झाला. आमच्याकडे सुरू झाला की झाला, मग गणपतीपर्यंत बुरशी पुसत बसायचं. इकडे जुलै लागला आणि रोज पश्चिमेकडून काळे ढग यायचे, डोक्यावरून धावत पूर्वेला जायचे. थांबायचे नाहीतच. खाली नुसती भुरभुर, जेमतेम धूळ बसेल इतकी. आणि वारा! दोनदा टाकीचं झाकण तिसऱ्या घरात सापडलं. गंमत म्हणजे त्याच दिवसांत शाखेत सगळे उजनीवर बोलत. जूनमध्ये धरण वजा साठ टक्क्यांच्या आसपास होतं (म्हणजे पाणी वापरायच्या साठ्याच्याही खाली), ऑगस्टमध्ये शंभर टक्के. इथे छत्री न उघडता धरण कसं भरलं हे कळायला मला आठवडा गेला.

पुढे सप्टेंबरात विजांचा पाऊस, ऑक्टोबरात घामटं, पौषात कडाका आणि हुरडा, एप्रिलमध्ये डोळे उघडवत नाहीत असं ऊन. आणि आता या मे महिन्यात, जेव्हा कुणीच मागितला नव्हता तेव्हा, दहा-बारा दिवस अगदी कोकणातल्यासारखा पाऊस.

तर जाणकारांना प्रश्न: मी पाहिलं ते तुमचं नॉर्मल वर्ष होतं का? नसेल तर नॉर्मल कसं असतं?

---

रिकामा_रांजण

नॉर्मल वर्ष आमच्या आज्ज्याच्या लग्नाच्या साली पडलं होतं म्हणतात. त्यानंतर नाही.

---

कोरडवाहू

ताई, स्वागत. मंगळवेढ्याजवळच शेती आहे माझी, नावाप्रमाणे सगळी कोरडवाहू. मोबाइलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

तुमचा घोळ एवढाच की तुम्ही वर्ष मृगापासून मोजताय. आमचं वर्ष उत्तरा-हस्तापासून, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या नक्षत्रांपासून सुरू होतं. मिरगाचा पाऊस पडला तर बरंच, बाजरी, मटकी, तूर पेरायची. पण काळ्या भारी रानात आम्ही खरिपाला काहीच घेत नाही. मोकळं ठेवतो, कुळवाच्या पाळ्या घालतो. नवीन माणसाला वाटतं, रान पडीक टाकलंय. ते पडीक नसतं, पाणी पीत असतं. सप्टेंबरात दोन-तीन दणके बसले, ओल हात-दीड हात खाली गेली, वाफसा (चिखल ओसरून पेरता येईल इतकी ओल) आला की मालदांडी ज्वारी पेरायची. त्यानंतर थेंब पडला नाही तरी चालतं. पडूच नये खरं तर, कणसं भरताना पडला तर दाणा काळा पडतो. पेरल्यापासून काढेपर्यंत चार महिने पीक जमिनीतल्या ओलीवर उभं असतं, वरून थंडी आणि दहिवर. २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच रानाच्या जोरावर.

आणि भेगा पडायला लागल्या की कोळपणी. वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवायच्या, नाहीतर त्यातनं ओल उडून जाते, मुळंही तुटतात. "एक कोळपणी, अर्धं पाणी" म्हणतात आमच्यात.

म्हणजे नॉर्मल म्हणजे काय? उत्तरा आणि हस्त बरसले तर नॉर्मल. बाकी दहा महिने काय करायचं ते करू दे त्याला.

---

चिपळूणची_लेक

@कोरडवाहू, दंडवत! आता कळलं, जुलैत पीककर्जाच्या पाहणीला गेले तेव्हा एवढी रिकामी रानं का दिसली. मी अहवालात "पडीक" लिहिणार होते, शिपाईमामांनी थांबवलं.

भेगांवरून आठवलं. एप्रिलमध्ये एका खातेदाराच्या रानात उभी होते, हातातून स्कूटरची किल्ली सटकली ती थेट भेगेत. काठी घातली तर हातभर आत गेली, तळ लागेना. त्यांच्या मुलाने तारेचा आकडा करून तासभर खटपट केली. शेवटी ते म्हणाले, "राहू द्या मॅडम, पाऊस झाला की भेग मिटंल." मिटली. किल्ली आतच आहे.

---

रिकामा_रांजण

तारण ठेवलं म्हणायचं. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

---

गणिती_गोगलगाय

थोडे आकडे टाकतो, कारण अशा धाग्यांवर "सरासरी" हा शब्द फार सैल वापरला जातो.

चिपळूणला वर्षाला साडेतीन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. मंगळवेढा-सांगोला पट्ट्यात पाचशे-सहाशे. कारण शाळेत शिकलेलंच: अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिमी आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत दहिवडीला पाचशेच्या आसपास. एकाच सातारा जिल्ह्यात! ताईंनी जुलैत धावताना पाहिलेले ढग हे ते घाट उतरून आलेले, खिसा मोकळा झालेले ढग. आणि घाटातला तोच पाऊस भीमेच्या उपनद्यांतून उजनीत येतो. त्यामुळे सोलापूरकर सोलापूरचं आभाळ न बघता पुण्याकडच्या धरणांचे विसर्ग बघत बसतात.

सप्टेंबरचा पाऊस वेगळ्या घरचा. मोसमी वारे मागे फिरू लागले की बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात आणि उलट्या बाजूने येऊन आपल्याला भिजवतात. सोलापूरचा सगळ्यात ओला महिना जुलै नसून सप्टेंबर आहे तो यामुळे.

आता सरासरी. हवामान खात्याच्या हिशोबात अडीच मिमी पाऊस झाला की तो "पावसाचा दिवस". समजा, वर्षाचे पाचशे मिमी पन्नास दिवसांत दहा-दहा करून आले. आणि समजा, तेच पाचशे चार दिवसांत सव्वाशे-सव्वाशे आले. कागदावर दोन्ही वर्षं शंभर टक्के. पहिल्यात सुगी, दुसऱ्यात बांध फुटले आणि तरी पुढच्या मार्चला टँकर. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे साधारण एक लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. ते पाणी मुरलं की वाहून गेलं, हे सरासरी सांगत नाही.

---

माणदेशी_मेंढका

मंगळवेढ्याचे लोक दुष्काळावर बोलायला लागले की मला हसू येतं. तुमची काळी आई हाय, हात-दीड हात ओल धरती. आमच्याकडं या, माण, आटपाडीला. वीतभर माती, खाली मुरूम. आज पाऊस पडला की उद्या संध्याकाळी रान कोरडं. दामाजीपंतांनी कोठार लुटवलं म्हणता, आमच्याकडं लुटवायला कोठार तर पाहिजे.

आणि एक उलटी गोष्ट सांगतो. आमची मेंढरं दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जातात (ताई, तुमच्याकडं बघितली असतील, भाताच्या रिकाम्या खाचरांत बसवतात खतासाठी). पावसाच्या आत परत. का? तर तिकडच्या पावसात मेंढराचे खूर सडतात. म्हणजे आम्ही पावसाला भिऊन दुष्काळात येतो. मेंढराला हीच हवा मानवते, कोरडी, वाऱ्याची. सगळं जग पाऊस मागतं म्हणून आम्हीही मागतो, पण जरा जपूनच.

बाकी एक खरं. डोंगरावर पवनचक्क्या आल्यापासून ढग थांबत नाहीत. आमच्या गावात कुणालाही विचारा.

---

गणिती_गोगलगाय

मेंढके भाऊ, शेवटचं सोडून सगळ्याला +१. पवनचक्की जमिनीपासून शंभर मीटरच्या आतबाहेर, पावसाळी ढग त्याच्या किती तरी वर. वारा पवनचक्कीमुळे येत नाही. वारा होता म्हणून पवनचक्की तिथे आणून बसवली.

---

माणदेशी_मेंढका

तुमचं पुस्तक बरोबर असंल. पण ढग बघतोय कोण, तुम्ही का मी? पात्याजवळ आला की फाटतो. डोळ्यांनी बघितलंय.

---

जुनी_जाणती

मेंढकेभाऊ, बहात्तरच्या दुष्काळात कुठं होत्या पवनचक्क्या?

---

माणदेशी_मेंढका

...ह्याला उत्तर नाही माझ्याकडं. चहा पिऊन येतो.

---

जुनी_जाणती

आलेच आहे तर लिहिते. बहात्तरला मी नऊ वर्षांची, करमाळ्याकडे. आई रोजगाराच्या कामावर खडी फोडायची, मी धाकट्या भावाला सांभाळत ढिगाजवळ बसायचे. दुपारी सुकडी मिळायची. तिची चव अजून जिभेवर आहे, थोडी गोडसर, थोडी धुरकट. पोरं मुठी भरून कोरडीच खायची आणि ठसका लागला की पाण्याला पळायची. विहिरींना तळाला का होईना, पाणी होतं. धान्य नव्हतं. लाल मिलो (परदेशी ज्वारी) मिळायचा रेशनला, त्याच्या भाकरी थापताना तुटायच्या.

२०१३ च्या दुष्काळात भाचा चारा छावणीत जनावरं घेऊन चार महिने राहिला. तेव्हा घरात पोत्यानं धान्य, हातात मोबाइल, आणि बोअरला सहाशे फुटांवर नुसता फुफाटा. दोन्ही दुष्काळच, पण मला विचाराल तर दुसऱ्याची भीती जास्त वाटते. धान्य परमुलखातून आणता येतं.

---

मांजराकाठचा

पाणीही आणता येतं, आजी. लातूरला आणलं. एप्रिल २०१६, मिरजेहून रेल्वेनं. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर. फोटो सगळ्यांनी पाहिले. मांजरा धरण कोरडं पडलेलं. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती, म्हणजे घागरी घेऊन पाच बायका एकत्र उभ्या राहिल्या तर गुन्हा. आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. आंघोळीचं पाणी परातीत धरून तेच फरशीला, तेच संडासला. ती सवय आईची अजून गेली नाही. आता नळाला पाणी असतं, तरी परातीत उभी राहते.

---

आत्याबाई_सोलापूर

धागा फार गंभीर झाला. नॉर्मल वर्षाचं वेळापत्रक मी देते, आमच्या सासूबाईंकडून आलेलं:

पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा. आश्लेषाचा आसळका. मघांचा तो सासवांचा, पूर्वांचा सुनांचा. कोण जास्त पडतो यावरून आमच्या घरी दरवर्षी भांडण. हस्ताचा हत्तीचा, तेव्हा पोरी हादगा खेळायच्या. "पडल्या मघा तर चुलीपुढं..." पुढचं इथे लिहिता येणार नाही, ज्यांना माहीत आहे ते हसतीलच.

शिवाय जानेवारीत गड्ड्याला सिद्धेश्वरांच्या यात्रेत वासराची भाकणूक असते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, ते कशाला तोंड लावतं, मूत्र-शेण करतं का, बिथरतं का, त्यावरून पाऊसपाण्याचा अंदाज. आमचे हे दरवर्षी जातात आणि येऊन सांगतात, "पाऊस समाधानकारक." वासरू कधी असमाधानकारक म्हणाल्याचं मला आठवत नाही.

---

गणिती_गोगलगाय

वासराचं माहीत नाही, पण सोलापूरला ढगांवर खराखुरा प्रयोग झालाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८-१९ मध्ये विमानाने ढगांत बीजारोपण करून पाहिलं. अनुकूल ढगांतून पाऊस सुमारे १८ टक्के वाढला असा निष्कर्ष. मुद्दा "अनुकूल" या शब्दात आहे. ढगच नसेल तर विमान काय करणार.

---

डाळिंबवाला

सांगोला. सगळे पाऊस पाऊस करताय म्हणून दुसरी बाजू. आमच्याकडं डाळिंब आलं ते पाऊस कमी म्हणूनच. कोरडी हवा, ठिबकवर मोजून पाणी, बहार आपल्या हातात. हवेत दमटपणा वाढला की तेल्या येतो, फळावर तेलकट काळा डाग, मग तडकतं. या मे महिन्यात ढगाळ हवेत रोज फवारणी, पंप खांद्यावरनं उतरला नाही. शेजाऱ्याचा कांदा रानातच सडला. आणि तिकडं बारामतीकडं तर नीरा डावा कालवा फुटला, तोही मे महिन्यात. २६ मेला मान्सून मुंबईत! मिरगाला अजून दोन आठवडे होते.

त्यामुळं आमच्या तालुक्यात पाऊस आला की अर्धं गाव हसतं, अर्धं डोक्याला हात लावतं. आणि बऱ्याचदा एकाच घरात. वडिलांची ज्वारी, माझी डाळिंबं.

---

लबकची_पाहुणी

टेक्सासमधल्या लबकहून. नाव ऐकलं नसेल कुणी. इथेही वर्षाला पावणेपाचशे मिमीच्या आसपास, सपाट माळ, कापूस आणि वारा. लाल धुळीची भिंत येते तेव्हा भर दुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागतात. इथले शेतकरी जमिनीखालचं ओगलाला नावाचं पाणी उपसून जगले, आता तेही खोल चाललंय. पहिल्या वर्षी नवरा म्हणाला, "किती उजाड." मी पंढरपूरची. मला घरी आल्यासारखं वाटलं.

---

रिकामा_रांजण

अवांतर: हुरडा पार्टी कुणाच्या रानात? तारीख टाका, बाकी हवामान नंतर बघू.

---

कोरडवाहू

जानेवारीत माझ्याकडं. गुळभेंडीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, रानातलीच आगटी. उत्तरा पडू द्या आधी.

---

सीनाकाठ | २८ सप्टेंबर २०२५

धागा वर काढतोय. कोरडवाहू दादा, उत्तरा पडल्या. आता थांबवा म्हणावं.

मी मोहोळ तालुक्यातला. सीना नदी आमच्यासाठी नावालाच नदी. लहानपणी तिच्या पात्रात क्रिकेट खेळलोय, बॅट न धुता घरी आलोय. गेल्या आठवड्यात तिनं लांबोटीजवळ सोलापूर-पुणे हायवे बंद केला. आमच्या गावात रात्री दोनला पाणी वेशीत. म्हशींची दावी कापली, शेळ्या माडीवर चढवल्या. दोन दिवस देवळाच्या ओट्यावर. परत आलो तर घरात ढोपरभर गाळ, आणि त्याला वास... कुजक्या सोयाबीनचा. कोपऱ्यात ज्वारीची पाच पोती होती, हुरड्यासाठी नाही, खायची. पोतं फाटलं नव्हतं, पण शिवणीतनं हिरवे कोंब बाहेर आले होते. चांगले बोटभर. आई पोत्याजवळ बसून एकेक कोंब उपटत होती. का, ते तिलाही सांगता येईना.

वर आकड्यांचा खेळ. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमी झाला तर अतिवृष्टी. आमच्या मंडळाचं यंत्र दहा किलोमीटरवर, तिथं त्या रात्री कमी पडला. पाणी तर वरच्या तालुक्यांतनं आलेलं. नदी यंत्राला विचारून येत नाही. शेवटी पंचनामे झाले, पण तीन दिवस हेच समजावण्यात गेले.

---

आत्याबाई_सोलापूर

जपून राहा रे बाबांनो. काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आम्ही काही जण चादरी आणि धान्य गोळा करतोय.

---

मांजराकाठचा

सीनाकाठ, आमच्याकडेही तेच. ज्या नदीच्या धरणात २०१६ ला जीप चालवत होतो, तिचे दरवाजे उघडे आहेत. आई यंदाही परातीतच उभी.

---

डाळिंबवाला

बाग गेली. जास्त लिहीत नाही.

---

माणदेशी_मेंढका

डाळिंबवाले, फोन करतो रात्री.

(आमच्याकडंही बक्कळ झाला. पंधरा मेंढरं गेली, खूर सडून. कोकणात न जाता.)

---

कोरडवाहू | १ नोव्हेंबर २०२५

सगळ्यांचं वाचत होतो, लिहायला उसंत नव्हती. हस्त गेला, चित्रा गेल्या, वाफसाच येईना. ट्रॅक्टर घातला की चाक रुततं, तिफणीचे फण चिखलानं बुजतात. मालदांडी सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पडायला पाहिजे होती. काल निम्म्या रानात पेरली, उशिरा. उरलेल्यात हरभरा टाकीन, तेही जमीन हो म्हणाली तर. म्हणजे ओल इतकी की ओलीवर येणारं पीक ओलीमुळं राहिलं. असलं पहिल्यांदा बघतोय.

ताई, जूनमध्ये लिहिलं होतं, उत्तरा-हस्त बरसले की नॉर्मल. ते वाक्य मागं घेतो.

---

चिपळूणची_लेक

दादा, मागे नका घेऊ. अजून एक वर्ष बघू. (बदलीचा अर्ज भरायची मुदत काल संपली, मी भरला नाही.)

शाखेत सध्या रोज हाच प्रश्न, पीककर्जाच्या मुदतवाढीचा. जून ते सप्टेंबर या दिवसांत मी पूर्वी एक गोष्ट पाहिली होती: पाऊस झाला की दोन दिवस शाखेत शुकशुकाट, सगळे रानात. यंदा सप्टेंबरात पाऊस होता आणि शाखाही भरलेली. लोक नुसते येऊन बाकावर बसायचे. रानात जाता येत नाही म्हणून.

सीनाकाठ, तुमच्या कागदांचं काय झालं ते व्यनित कळवा. तुमची शाखा वेगळी आहे, पण कुठला अर्ज कुठे द्यायचा एवढं तरी सांगू शकेन.

---

सीनाकाठ

करतो व्यनि. आणि हो, आईनं त्या कोंब आलेल्या ज्वारीतली मूठभर परड्यात टाकली होती. वीतभर झालीय.

---

रिकामा_रांजण

सगळ्यात वर मी लिहिलं होतं, नॉर्मल वर्ष आज्ज्याच्या लग्नाच्या साली पडलं होतं. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आजीलाच विचारलं. म्हणाली, "कसलं रं? जेठ सरत आला हुता, आन् वऱ्हाड नदीतनं गाडीबैलानं आलं. चाकाला वल लागली न्हाई."